कोल्ह्याचा 'प्राणी' का झाला: न लिहिणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

"एक दिवस एक प्राणी आला. त्याने कोंबडी नेली. मला वाईट वाटले."

विषय होता 'माझा एक अनुभव', वेळ ४० मिनिटं. चौथीतल्या मुलाने लिहिलं ते एवढंच, ११ शब्द. त्याच दिवशी सकाळी परिपाठाला हाच प्रसंग त्याने उभ्या उभ्या सांगितला होता: "राती कोल्हा आलता. कुत्रं लई भुकलं. आज्जी बॅटरी घेऊन भाईर येस्तोवर त्यानं खुराड्याची फळी उचकटली आन् तलंगीला नरड्याला धरून उसात न्हेलीबी. सकाळी पाटाच्या कडंला निस्ती पिसं." सांगताना त्याचे हात ती फळी उचकटत होते आणि वर्ग श्वास रोखून ऐकत होता.

सकाळचा कोल्हा दुपारी वहीत 'प्राणी' कसा झाला, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

एक खुलासा आधी करायला हवा. उसाच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा, २२ मुलांचा चौथीचा वर्ग इथे डोळ्यांसमोर ठेवला आहे. पण हा मुलगा म्हणजे कोणी एक मूल नव्हे. बोलायला पुढे आणि लिहायला मागे असलेल्या मुलांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका मुलात एकत्र आणलं आहे. म्हणून त्याला नाव नाही, गाव नाही. मोजणीचे आकडेही नमुन्याचे आहेत; मोजायचं कसं आणि त्यातून वाचायचं काय, ते कळावं म्हणून दिलेले.

वहीसमोरची ४० मिनिटं

न लिहिणारं मूल रिकामं बसत नाही, ते सतत काहीतरी करत असतं. पेन्सिलीला टोक करतं, मोडलं म्हणून पुन्हा करतं. "बाई, समास आखू का?" "बाई, पेनानं का पेन्सिलीनं?" "बाई, किती ओळी?" मग लघवीला जाऊन येणं. मग एक शब्द, तो खोडणं, खोडरबराने कागदाला भोक, भोक पडलं म्हणून पान फाडणं. या मुलाची पहिली १७ मिनिटं अशीच गेली. याला टाळाटाळ म्हणून सोडून देऊ नये. 'किती ओळी' विचारणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं की आपण काय लिहिलं ते कोणी विचारणार नाही, किती लिहिलं ते मोजलं जाईल.

त्याची तिसरीची वही काढून पाहिली तेव्हा हे कुठून आलं ते कळलं. पावसाळ्यावरच्या चार वाक्यांत लाल पेनाची नऊ वर्तुळं, खाली 'अक्षर सुधारा'. दोन पानं पुढे 'माझा आवडता सण', सगळा मजकूर गाईडमधला, एकही वर्तुळ नाही आणि खाली 'छान'. मूल शहाणं असतं. आपलं लिहिलं की लाल होतं आणि उतरवलं की छान होतं, हा हिशेब त्याने एका वर्षात मांडला.

चार छोट्या चाचण्या

उपाय सुरू करायच्या आधी अडलंय कुठे ते शोधावं लागतं. लिहिताना मूल एकाच वेळी चार कामं करत असतं: हात चालवणं, अक्षर आठवणं, वाक्य जुळवणं, आणि कोणीतरी वाचणार आहे ही धाकधूक सांभाळणं. यातलं कोणतं अडलंय ते वरून दिसत नाही. दोन दिवसांत, मुलाला 'परीक्षा' हा शब्द न ऐकवता, चार गोष्टी करून घ्याव्यात.

पहिली, पुस्तकातला उतारा तीन मिनिटं पाहून उतरवणं. अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. या मुलाने ७२ अक्षरं उतरवली, म्हणजे मिनिटाला २४, वळणदार, हात न दुखता. हात ठीक आहे.

दुसरी, दहा शब्दांचं श्रुतलेखन: पाणी, शाळा, चक्र, सूर्य, गोष्ट, कोल्हा, म्हैस, उन्हाळा, पिल्लू, दुसऱ्या. पहिले पाच बरोबर. पुढचे पाच असे आले: कोला, मैस, उनाळा, पिल्लु, दुसर्या.

तिसरी, तोंडी सांगणं. तीन मिनिटं त्याने बोलायचं आणि बाईंनी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. १४० शब्द.

चौथी, त्याच विषयावर दहा मिनिटं स्वतः लिहिणं. १३ शब्द.

तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यांतलं अंतर हे या सगळ्या कामाचं मोजमाप. १४० विरुद्ध १३. तोंडीही दहा-पंधरा शब्दच आले असते तर आधी गप्पांवर, ओळखीवर, घरच्या भाषेवर काम करावं लागलं असतं. पाहून उतरवतानाच हात अडखळला असता तर आधी पेन्सिलीची पकड, बसण्याची पद्धत आणि डोळे तपासावे लागले असते. इथे दोन्ही नाही.

खरा धागा दुसऱ्या चाचणीत आहे. 'सूर्य' आणि 'चक्र' त्याला येतात, कारण ते पुस्तकात शंभरदा आले. 'कोल्हा', 'म्हैस', 'उन्हाळा' येत नाहीत, कारण हकाराची जोडाक्षरं त्याच्या हाताखालून फारशी गेलेलीच नाहीत. आणि त्याचं जगणं नेमकं त्याच शब्दांत आहे. म्हशीचा 'म्ह', कुऱ्हाडीचा 'ऱ्ह', कोल्ह्याचा 'ल्ह' आणि वर 'ह्या'! पेन्सिल कागदाला टेकली की तो मनात शब्द तोलतो: हा चुकेल, हा नको. 'कोल्ह्यानं' चुकणार म्हणून 'प्राणी'. 'खुराडं' गळलं, 'तलंग' गळली, 'उचकटली' गळली. उरलं ते छान, खूप, आवडते, वाईट वाटले. अशी मुलं सपक लिहितात, कारण ती फक्त येणाऱ्या स्पेलिंगमध्येच लिहितात. त्यांच्याकडे सांगायला काही नाही असं आपण म्हणतो, हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

पहिले दोन आठवडे: मूल बोलेल, बाई लिहितील

निबंध पूर्ण बंद. रोज चार मुलं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. मूल सांगतं आणि बाई त्याच्यासमोर, त्याला दिसेल अशा कागदावर उतरवतात. २२ मुलांची फेरी सहा दिवसांत पूर्ण होते. बाकीचा वर्ग तेवढा वेळ चित्र काढतो किंवा वाचतो. ए-४ कागदाचे चार तुकडे करायचे. एक तुकडा साधारण १०.५ बाय १५ सेंटिमीटरचा येतो. कागद मुद्दाम लहान घ्यायचा. पूर्ण पान पाहून पोटात गोळा येणारं मूल एवढासा तुकडा पाहून घाबरत नाही, आणि तो लवकर भरतो.

उतरवताना एकही शब्द बदलायचा नाही. 'आलता' ते 'आलता'च, 'भाईर' ते 'भाईर'च. इथे बहुतेक जण चुकतात. हात आपोआप 'बाहेर आली' लिहून जातो, आणि वाचून दाखवलं की मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, कारण ते त्याचं राहिलेलं नसतं. जसंच्या तसं उतरवलं की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. बाईंनी 'कोल्ह्यानं' लिहिलं तेव्हा तो कागदावर वाकला आणि म्हणाला, "बाई, आसं लिवत्यात व्हय कोल्ह्यानं?" बोटाने त्याने तो शब्द दोनदा गिरवला. शब्द येत नाही म्हणून टाळणाऱ्या मुलाने पहिल्यांदा त्याच शब्दात रस घेतला होता, आणि तोही न सांगता.

दुसरी चूक म्हणजे हे फार दिवस चालवणं. मग मूल म्हणायला लागतं, "तुमीच लिवा." म्हणून दुसऱ्या आठवड्यात शेवटचं वाक्य अर्धं सोडायचं आणि पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. 'सकाळी पाटाच्या कडंला...' पुढचे दोन शब्द त्याचे. पुढच्या खेपेला शेवटचं वाक्य पूर्ण त्याचं, त्यानंतर निम्मं. शब्द अडला तर विचारायचा, बाई तो चिठोऱ्यावर लिहून देतात, शिकवत बसत नाहीत. त्या क्षणी 'ल्ह कसा काढायचा' हा पाठ सुरू केला की गोष्ट हातची जाते.

चिठ्ठीची पेटी

तिसऱ्या आठवड्यापासून मुख्य काम सुरू झालं. लिहिण्यात गोडी येते ती कोणीतरी आपलं वाचून त्यावर काही विचारतं तेव्हा. बोलण्यात हे उत्तर लगेच मिळतं, म्हणून मूल बोलतं. वहीत मिळतो तो शेरा, आणि शेरा हे उत्तर नव्हे. 'छान' वाचून मूल पुढे काय लिहिणार?

साहित्य साधं. चपलांच्या खोक्याच्या झाकणाला १५ सेंटिमीटरची फट पाडली की पेटी झाली. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं २२, प्रत्येकावर नाव, भिंतीला ओळीने चिकटवलेली, मुलांचा हात पोचेल अशी. कागद तोच पाव ए-४. आठवड्याला प्रत्येकी तीन चिठ्ठ्या धरल्या तर दहा आठवड्यांत ६६०, म्हणजे १६५ ए-४ कागद. रीमचा तिसरा हिस्साही लागत नाही. बाईंचं उत्तर त्याच चिठ्ठीच्या पाठीवर, म्हणजे वेगळा कागद नको आणि बोलणं एका जागी राहतं.

नियम तीन. चिठ्ठीत काहीतरी सांगायचं किंवा विचारायचं. चिठ्ठीला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळणार म्हणजे मिळणार. चिठ्ठीवर लाल पेन चालणार नाही.

रोज २२ उत्तरं लिहिणं कोणत्याही शिक्षकाला पेलणारं नाही. पाचव्या दिवशी पेटी बंद पडते आणि मुलांचा विश्वास उडतो. म्हणून वर्गाचे दोन गट, एक सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसरा मंगळवार-गुरुवार-शनिवार. रोज ११ चिठ्ठ्या, एकीला दीड मिनिट, म्हणजे १५-१७ मिनिटं. ही वेळ काढता येते. ज्या दिवशी बाई रजेवर असतील त्याच्या आदल्या दिवशी वर्गाला तसं सांगायचं.

या मुलाची पहिली चिठ्ठी:

"बाई शेळी याली. दोन पिल्ल झाली. एक मेल."

पाठीवरचं उत्तर: "शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक मेलं? अरेरे. कशानं रे? राहिलेलं पिल्लू कोणत्या रंगाचं आहे?"

दोन दिवसांनी: "ते बारीक व्हत. थंडीन मेल. ऱ्हायलेल काळ हाय कपाळावर पांडर. नाव मोती. आज्जीन ठेवल."

उत्तर: "काळं पिल्लू, कपाळावर पांढरं, म्हणून मोती! आजीला विचारून सांगशील का, मोतीला थंडी वाजू नये म्हणून ती काय करते?"

उत्तर लिहिण्यातली कारागिरी इथे बारकाईने पाहावी. बाईंनी एकही चूक दाखवली नाही, पण 'पिल्लं', 'मेलं', 'पांढरं' हे त्याचेच शब्द टिंबासकट त्याच्या पुढ्यात ठेवले. प्रश्न एकच किंवा दोन, आणि ते वस्तूबद्दल: रंग कोणता, कशानं, मग काय झालं. 'तुला कसं वाटलं?' हा प्रश्न लहान मुलाच्या लिहिण्याला मारक ठरतो. त्याचं उत्तर कायम 'छान वाटले' किंवा 'वाईट वाटले' असं येतं. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की उत्तर त्याच्याकडे नाही, आजीकडे आहे. तो घरी गेला, विचारलं, आणि तिसऱ्या चिठ्ठीत सहा वाक्यं आली: गोणपाट, शेणीची राख, चुलीजवळची जागा. चिठ्ठी पुरली नाही म्हणून त्याने बाजूच्या कोपऱ्यात उभं लिहिलं होतं.

सगळ्याच चिठ्ठ्या अशा नसतात. सुरुवातीला निम्म्या 'बाई तुम्ही मला खूप आवडता' अशा येतात. त्यांना मायेने 'मलाही तू आवडतोस' लिहावं आणि पुढे प्रश्न घालू नये. प्रश्न मजकुराला मिळतो हे मुलांना आपोआप कळतं. तक्रारीही येतात, 'ह्यानं माझं रबर घेतलं'. त्यांना कमी लेखू नये. काही व्हावं म्हणून मूल लिहितंय, आणि लिहिल्याने खरंच काही झालं तर लिहिण्याचा उपयोग त्याला पटतो. कधी एखाद्या चिठ्ठीत घरातल्या मारहाणीचं किंवा त्याहून गंभीर काही येतं. ती चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही, मुलाशी एकट्याने शांतपणे बोलायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं आणि गरज असेल तर चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर फोन करायचा. पेटी ठेवणाऱ्याने ही तयारी आधीच ठेवावी.

जिथे काम फसलं

पाचव्या आठवड्यात मोतीची एक चिठ्ठी इतकी सुरेख आली की बाईंनी ती परिपाठाला वाचून दाखवली. हेतू कौतुकाचा. पण 'पिल्लू दूध पेतं' या वाक्यावर मागच्या रांगेतून हसू फुटलं, "पेतं नाय रं, पितं!" मुलाने मान खाली घातली. पुढचे चार वार पेटीत त्याची चिठ्ठी नव्हती. पाचव्या वारी आली ती चिठ्ठी अशी: "बाई मी ठीक आहे." शुद्ध, प्रमाण, आणि पुन्हा पहिल्यासारखी रिकामी.

चूक भाषेची नव्हती, विश्वासाची होती. चिठ्ठी त्याने बाईंना लिहिली होती, वर्गाला नाही. बाईंनी त्याला चिठ्ठीतूनच कळवलं: "तुला न विचारता मी तुझी चिठ्ठी वाचली. माझं चुकलं. पुन्हा असं करणार नाही." आणि नवा नियम आला: चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला असेल तर ती फक्त बाईंची, आणि सरळ असेल तरीही वाचण्याआधी विचारायचं. पुढच्या चिठ्ठीचा कोपरा त्याने चांगला दोन बोटं दुमडला होता. आत मोती होता.

'पेतं' की 'पितं' हा प्रश्न टाळायचाही नाही. वर्गात त्यावर वेगळा तास घेतला. मुलांनी घरी बोलतात तसे शब्द सांगायचे आणि पुस्तकात कसे येतात ते शोधायचं. फळ्यावर दोन रकाने, 'घरचं' आणि 'पुस्तकातलं', कोणताही रकाना चुकीचा नाही. ठरलं ते असं: चिठ्ठीत हवं तसं, माणसाच्या तोंडचं बोलणं घरच्यासारखंच, आणि गावाबाहेरच्या माणसाने वाचायचं असेल तिथे पुस्तकातल्यासारखं. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. कपडे बदलण्यासारखं ते सहज करतात.

अक्षराचं काम, पण वेगळ्या वेळी

चुका सुधारायच्या की नाही, यावर शिक्षकांमध्ये उगाच दोन तट पडतात. सुधारायच्याच, फक्त लिहिणं चालू असताना नाही. रोज दहा मिनिटं, दुपारच्या सुट्टीनंतर, वेगळ्या वहीत. शब्द कुठून घ्यायचे? चिठ्ठ्यांतून. शनिवारी बाई आठवड्याच्या चिठ्ठ्या चाळून जास्तीत जास्त मुलांना अडलेले पाच शब्द काढतात आणि भिंतीवरच्या शब्दपट्टीवर मोठ्या अक्षरात लावतात. पाचच, दहा लावले की एकही राहत नाही.

पहिला आठवडा हकाराच्या जोड्यांचा: म्हैस, कोल्हा, उन्हाळा, कुऱ्हाड, म्हणाला. बोलताना ह पुसट होतो, म्हणून 'कोला' लिहिलं जातं. तळहात ओठांसमोर धरून 'कोला' आणि 'कोल्हा' म्हणायला लावलं की हवेचा फरक हाताला लागतो. दुसरा आठवडा शेवटच्या वेलांटी-उकाराचा. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत (१९६२ साली १४ नियम, १९७२ मध्ये आणखी चार) मुलांना सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ. पाणी, मोती, पिल्लू, वासरू. 'आणि', 'नि' आणि 'परंतु'सारखे काही अपवाद सोडले तर या एका नियमाने वहीतल्या कितीतरी चुका जातात. ऱ्हस्व-दीर्घाचे बाकीचे नियम चौथीत मागे ठेवावेत. तिसरा आठवडा टिंबाचा: मेलं, झालं, काळं, शेवटचा स्वर लांबवून म्हणायचा आणि लांबला तिथे टिंब. चौथा र च्या रूपांचा: सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. रफार आधी उच्चारायचा पण लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, हा उलटा क्रम हाताला बसायला वेळ लागतो. घाई करू नये.

चिठ्ठी लिहिताना मूल मान वळवून शब्दपट्टी पाहायला लागलं की हे काम लागू पडलं म्हणायचं.

एका कागदाचं पुस्तक

सहाव्या आठवड्यात चिठ्ठीतला मोती पुस्तकात गेला. एकाच ए-४ कागदातून आठ पानी पुस्तक होतं, शिवण नको, डिंक नको. कागद लांबीत निम्मा, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा दुमडून आठ सारखे चौकोन पाडायचे आणि उलगडायचा. आता दोन आखूड कडा जुळतील असा एकदाच दुमडायचा. दुमडीच्या बाजूने मधल्या रेषेवर पहिल्या आडव्या घडीपर्यंत, म्हणजे एका चौकोनाएवढंच कापायचं. उलगडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. मधली फट उघडून अधिक चिन्हासारखा आकार होतो. तो एका बाजूला मिटला की पुस्तक. मुलं हमखास उघड्या बाजूने कापतात आणि कागद दुभंगतो, म्हणून पहिला प्रयोग जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर.

मुखपृष्ठ, मलपृष्ठ सोडून सहा पानं राहतात, प्रत्येक साधारण ७.५ बाय १०.५ सेंटिमीटर. वर चित्र आणि खाली दोन वाक्यं. बारा वाक्यं होतात, आणि 'किती ओळी' हा प्रश्नच उठत नाही.

विषय 'माझे आवडते' पठडीतला द्यायचा नाही, आणि 'काहीही लिहा' असंही म्हणायचं नाही. मोकळं रान दिलं की न लिहिणारं मूल सर्वांत आधी गारठतं. बाईंनी विचारलं, "वर्गात तुला असं काय येतं जे बाकीच्यांना येत नाही?" त्यातून निघालं 'शेळीचं पिल्लू कसं सांभाळायचं'. दुसरं पान: "पिल्लू झालं की त्याचं नाक फडक्यानं पुसावं. नायतर त्याला श्वास घेता येत नाही." तिसरं: "पहिला चीक लगेच पाजावा. आज्जी म्हणते चीक म्हणजे पिल्लाचं औषध." चौथं: "थंडीत खाली गोणपाट टाकावं."

यानंतर जे झालं ते या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं. पुस्तक दोरीवर चिमट्याने लावलं. मलपृष्ठ वाचणाऱ्यांसाठी कोरं ठेवलं होतं. नियम असा की वाचणाऱ्याने 'छान' लिहायचं नाही, एक प्रश्न लिहायचा. एका मुलीने लिहिलं: "गोणपाट ओलं झालं तर?" मुलगा उठला, पाव चिठ्ठीची पट्टी कापली, त्यावर लिहिलं "सकाळी गोणपाट उन्हात टाकावं. दुसरं कोरडं ठेवावं," आणि चौथ्या पानाला झडपेसारखी चिकटवली. पुनर्लेखन म्हणतात ते हेच. 'पुन्हा नीट लिहून काढ' सांगून ते कधी येत नाही, कारण त्यात मुलाला फक्त शिक्षा दिसते. वाचणाऱ्याला कळावं म्हणून स्वतःहून जोडलेली झडप दिसायला ओबडधोबड असली तरी तशीच ठेवावी. स्वच्छ प्रत फक्त वर्गाबाहेर जाणाऱ्या मजकुराची.

शाळेला हे काही नवं नाही. फ्रान्समधल्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचे मजकूर खिळे जुळवून छापत आणि दूरच्या ब्रिटनीतल्या शाळेशी त्यांची देवाणघेवाण करत. आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. गुरुजींचं उदाहरण इथे विशेष लागू आहे, कारण मुलांनी लिहावं अशी इच्छा असेल तर मोठ्या माणसाने त्यांच्या देखत, त्यांच्यासाठी लिहायला हवं. या वर्गात दोरीवर बाईंचंही पुस्तक होतं, 'फोडणी जळते कधी', आणि त्यावर मुलांनी नऊ प्रश्न विचारले होते.

परीक्षा आणि पालक

केंद्रप्रमुख वही मागतात, पालक म्हणतात "वहीत तर लाल काहीच नाही." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शुद्धलेखनाची वही वेगळी, तपासलेली आणि दाखवण्यासारखी असावी; चिठ्ठ्या मुलाच्या पाकिटात. पालकांना सांगायचं काम एकच: घरातल्या याद्या मुलाकडून लिहून घ्या, बाजाराची, उसनवारीची, आणि ती यादी खरोखर बाजारात न्या. चुकलेल्या शब्दावरून बोलू नका.

निबंध नवव्या आठवड्यात परत आला, पण दुसऱ्या दाराने. 'माझी आई' लिहायच्या आधी प्रश्न: काल दिवे लागायच्या वेळी आई काय करत होती, तिच्या हातात काय होतं, ती काय बोलली? त्यावर पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. या मुलाची आई ऊसतोडीहून येऊन पायातली कुसं सुईने काढत होती. 'माझी आई खूप प्रेमळ आहे' हे वाक्य त्याने लिहिलं नाही आणि ते कमीही वाटलं नाही.

डिसेंबरात चारही चाचण्या पुन्हा घेतल्या. तोंडी १५०, लिहिलेले ८६. श्रुतलेखनात दहापैकी आठ. 'दुसर्या' अजून तसाच, आणि घाईत टिंबं राहतात. गाईडमधला निबंध तो आजही सगळ्यांच्या मागून उतरवतो.

प्रत्येक मुलाचं असं होईल असं मानू नये. तीन-चार महिने हे सगळं करूनही तोंडी आणि लेखी यांतलं अंतर हलत नसेल, पाहून उतरवतानाही हात दुखत असेल, अक्षरं उलटी पडत असतील किंवा ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासावेत आणि मग गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे लिहिणं-वाचणं शिकण्यातल्या खास अडचणीचा, समावेश आहे; निदान झालं तर परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. अशा मुलाला 'जरा जोर लाव' म्हणत वर्षं घालवणं हा क्रूरपणा आहे.

पाचवीच्या शिक्षकांकडे मुलाबरोबर तीन गोष्टी गेल्या: चिठ्ठ्यांचं जाडजूड पाकीट, त्याला अजून अडणाऱ्या सात शब्दांची यादी, आणि अर्ध्या पानाची टीप. टिपेत लिहिलं होतं: याला मोकळा विषय देऊ नका, वस्तूबद्दल विचारा. शब्द अडला तर लिहून द्या, तिथेच शिकवू नका. एकदा लिहिलेलं पुन्हा उतरवायला लावू नका, झडप चिकटवू द्या. कोपरा दुमडलेला असेल तर मोठ्याने वाचू नका.